डोंगरी गाव, आपत्ती-सेवा आणि सांसदीय छाननी : आहुपे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहुपे हे गाव वसलेले आहे. गावाच्या पश्चिमेस डोंगर एकदम तुटतो आणि खाली ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याचा प्रदेश दिसतो. पूर्वेस घोड नदीचे खोरे डिंभे धरणाच्या जलाशयाकडे उतरत जाते. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी जमातीची आहे. उतारावरची भातखाचरे, नाचणी-वरईची शेती आणि जंगलातील हिरडा हे येथील उपजीविकेचे आधार होत. हाताला काम नसलेल्या महिन्यांत अनेक कुटुंबे नारायणगाव-जुन्नरच्या बागायती पट्ट्यात मजुरीला उतरतात. आंबेगाव व जुन्नर या दोन्ही तालुक्यांचा हा पश्चिम भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो.

पोलीस, आपत्ती-निवारण, परकीय नागरिकांचे नियमन हे विषय केंद्रात एकाच गृह मंत्रालयाच्या छत्राखाली येतात आणि त्या मंत्रालयाच्या धोरणाची छाननी करण्याची जबाबदारी संसदेवर असते. प्रश्न, चर्चा, समिती आणि लेखापरीक्षण ही त्या छाननीची साधने. ही साधने आहुप्यासारख्या गावापर्यंत कितपत पोहोचतात, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. येथे मांडावयाचा मुद्दा असा की, या छाननीने दूरच्या यंत्रणेने घटनेनंतर काय केले याचा हिशेब वेळोवेळी मागितला, परंतु घटनेपूर्वी डोंगर ज्याला दिसतो त्या माणसाची साक्ष मात्र तिने क्वचितच घेतली. हे दुर्लक्ष माळीणच्या दुर्घटनेने उघड झाले असले तरी त्याचा उगम बराच जुना आहे.

पहारेकरी आणि पोलीस

मराठा राजवटीत सह्याद्रीतील किल्ल्यांच्या शिबंदीत व घाटवाटांच्या राखणीत कोळी नाईकांना मानाचे स्थान होते. डोंगरावर कोठे काय हालचाल आहे हे सरकारला कळवणे हे त्यांचे वतनाचे काम होते. १८१८ नंतर कंपनी सरकारने डोंगरी किल्ल्यांवरील शिबंदी मोडली, नाईकांची वेतने व हक्क आखडले, आणि डोंगराची राखण करणारा वर्गच बेकार झाला. १८२८ ते १८३० मधील कोळ्यांचे उठाव आणि पुढे राघोजी भांगरे यांचा उठाव यांच्या मुळाशी हेही एक कारण होते. राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाणे येथे फाशी देण्यात आली. १८७३ ते १८७६ या काळात आंबेगाव तालुक्यातीलच जांभोरी गावच्या होन्या केंगले यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. मेजर डॅनियल यांच्या पोलीस-मोहिमेने १८७६ मध्ये त्यांना पकडले.

याच सुमारास, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्याच्या सपाटीवर सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला व तो पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला, आयोगाचा अहवाल लंडनच्या पार्लमेंटपुढे ठेवला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. दोन्ही ठिकाणी तक्रार सावकारीचीच होती. तरीही सपाटीवरचा दंगा विधिनिर्मितीचा विषय ठरला आणि डोंगरातला उठाव मुख्यतः पोलीस-बंदोबस्ताचा विषय राहिला. एका चौकशी-आयोगाची दिशा सपाटीकडे वळली म्हणून त्यास दोष देणे अनैतिहासिक ठरेल. परंतु कोणत्या भागातील गाऱ्हाण्याला 'धोरण' म्हणावयाचे आणि कोणत्या गाऱ्हाण्याला 'गुन्हा' म्हणावयाचे, ही विभागणी तेव्हाच रुळली, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

१८६७ मध्ये मुंबई इलाख्यात दोन पोलीस कायदे एकापाठोपाठ झाले : एक जिल्हा पोलिसांचा, दुसरा गावपोलिसांचा. दुसऱ्या कायद्याने पोलीस पाटलाला गुन्ह्यांखेरीज गावातील लोकांचे आरोग्य व एकंदर स्थिती यांची माहिती दंडाधिकाऱ्यास सतत कळवण्याचे कर्तव्य दिले. स्वतंत्र महाराष्ट्रात वंशपरंपरागत पाटीलकी संपुष्टात आल्यानंतर १९६७ चा महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम आला. त्यातही हे कर्तव्य जवळजवळ त्याच स्वरूपात कायम राहिले. म्हणजे आहुप्यासारख्या गावात आपत्तीची पहिली वर्दी देणारा अधिकृत माणूस कायद्याने दीडशे वर्षांपासून नेमलेला आहे. त्याला साधने कोणती, प्रशिक्षण कोणते, आणि त्याने कळवलेल्या माहितीचे पुढे काय होते, हे विचारण्याची जागा मात्र विधिमंडळाच्या कामकाजात सहसा निर्माण झाली नाही.

साक्षीचा प्रश्न : १८९७

पुणे जिल्ह्यातील आपत्कालीन कारभाराची पार्लमेंटमध्ये गाजलेली पहिली मोठी छाननी १८९७ ची होय. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा संमत झाला. विधेयक मांडल्यापासून तो आठवडाभरात झाला, हे विशेष. पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि घरझडतीच्या कामाला गोरे सैनिक लावण्यात आले. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांच्या अत्याचारांसंबंधी गंभीर आरोप 'मँचेस्टर गार्डियन' या पत्रातून जाहीर केले. कॉमन्स सभागृहात त्यावर विचारणा झाली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तारेने आरोप नाकारले. दरम्यान २२ जून रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, पुण्यात धरपकड सुरू होती, आणि नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या विनियमाखाली चौकशीविना स्थानबद्ध करण्यात आले. परत आल्यावर गोखल्यांना आरोपांच्या पुष्टीसाठी नाव देऊन पुढे येणारा साक्षीदार मिळाला नाही आणि त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

या प्रकरणाची चर्चा सामान्यतः गोखले-टिळक यांच्या स्वभावभेदाच्या अंगाने केली जाते. सांसदीय इतिहासाच्या दृष्टीने त्यातील अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. प्रश्न विचारणारे सभागृह हजारो मैल दूर होते, उत्तर देणारा तोच अधिकारी होता ज्याच्या कारभाराविषयी प्रश्न होता, आणि ज्यांनी घडलेले पाहिले ते पोलीस-दहशतीखाली होते. प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि साक्ष मिळवण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुण्याने तेव्हा अनुभवले. १८९२ च्या कौन्सिल कायद्याने इलाख्याच्या कायदेमंडळातही प्रश्न विचारण्याची सोय झाली होती, परंतु उपप्रश्न विचारता येत नसे. ती मुभा १९०९ च्या सुधारणांनी आली. उपप्रश्न नसलेला प्रश्न म्हणजे सरकारी खुलासा छापून घेण्याची रीत, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

समित्यांची कार्यकक्षा

राज्यघटनेने 'पोलीस' आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे विषय राज्यसूचीत ठेवले. आपत्ती-व्यवस्थापन असा विषय तिन्ही सूच्यांपैकी कोठेच नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम समवर्ती सूचीतील सामाजिक सुरक्षेच्या नोंदीच्या आधारे करण्यात आला. परिणामी संसदेत या विषयावर प्रश्न आला की उत्तराचा एक साचा ठरून गेला आहे : आपत्ती-व्यवस्थापनाची प्राथमिक जबाबदारी राज्य शासनाची असून केंद्र साहाय्य पुरवते. उत्तर चुकीचे नाही. मात्र त्यामुळे प्रश्न तेथेच थांबतो.

१९९३ मध्ये विभागनिहाय स्थायी समित्यांची पद्धत सुरू झाली आणि गृह मंत्रालयासाठी राज्यसभेच्या सचिवालयाशी संलग्न अशी समिती अस्तित्वात आली. लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य तिच्यावर असतात. अनुदानाच्या मागण्या, विधेयके, वार्षिक अहवाल व दीर्घकालीन धोरण यांचा विचार ती करते. दैनंदिन प्रशासनाचा विचार तिने करू नये असा स्पष्ट नियम आहे. कार्यपालिकेच्या कामात समितीने पदोपदी हात घालू नये हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु दरड कोसळण्याच्या बाबतीत धोरण आणि दैनंदिन प्रशासन यांतील रेषा कोठे काढावयाची? पावसाच्या तिसऱ्या दिवशी ओढ्याचे पाणी गढूळ झाले हे कोणी कोणास कळवावे, हा प्रश्न दैनंदिन आहे. त्याचे उत्तर ठरलेले नसणे हे धोरणाचे अपयश आहे.

दुसरी अडचण विषयाच्या तुकड्यांची. आपत्ती-व्यवस्थापनाचा विषय २००२ मध्ये कृषी मंत्रालयाकडून गृह मंत्रालयाकडे आला. दरडींच्या अभ्यासासाठी २००४ पासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही मध्यवर्ती संस्था ठरली. ती खाण मंत्रालयाच्या अधीन आहे. पावसाचा अंदाज देणारे हवामान खाते भूविज्ञान मंत्रालयाकडे आहे. संसदेत या तिन्ही मंत्रालयांची छाननी तीन वेगवेगळ्या समित्या करतात. डोंगर एक, पाऊस एक, दरड एक; तिचा हिशेब मात्र तीन दालनांत विभागलेला.

लेखापरीक्षणाने या बाबतीत समित्यांपेक्षा अधिक स्पष्ट भाषा वापरली. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा देशातील आपत्ती-सज्जतेवरील अहवाल एप्रिल २०१३ मध्ये संसदेपुढे आला. कायदा होऊन इतकी वर्षे लोटली तरी राष्ट्रीय आराखडा तयार झालेला नाही, आणि मे २००८ नंतर राष्ट्रीय कार्यकारी समितीची बैठकच झालेली नाही, असे त्यात नोंदवले होते. पुढे दोनच महिन्यांत उत्तराखंडचा प्रलय झाला. राष्ट्रीय आराखडा प्रत्यक्षात जून २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

माळीण

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्याच्या याच पश्चिम पट्ट्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा उतरला. चाळीसहून अधिक घरे गाडली गेली आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. दरड कोसळल्याची वार्ता बाहेर कशी आली, हे सर्वश्रुत आहे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. बसच्या चालकाला ओळखीचे गाव जागेवर दिसले नाही, आणि त्याने ते कळवले. त्याच वर्षीच्या जानेवारीत राज्यात '१०८' क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा सुरू झाली होती. नऊ वर्षांपूर्वीच्या कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण निर्माण केले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुणे जिल्ह्यातच, तळेगावजवळ सुदुंबरे येथे होती. दलाच्या जवानांनी भर पावसात, चिखलात, आठवडाभर केलेले काम निःसंशय मोलाचे होते. त्या कामाची दखल घेतली गेली आणि ती घेतली जाणे योग्यच होते. प्रतिसाद देणारे दल होते, रुग्णवाहिका होती, कायदा होता. आणि वर्दी मात्र एका बसफेरीवर अवलंबून राहिली.

छाननी करणाऱ्या संस्थांची त्या दिवशी काय स्थिती होती, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकास उद्बोधक वाटेल. लोकसभेचे अर्थसंकल्पीय अधिवेशन चालू होते आणि केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी दुसऱ्या दिवशी घटनास्थळास भेट दिली. परंतु मे महिन्यात सोळावी लोकसभा निवडून आली होती आणि विभागनिहाय स्थायी समित्या अद्याप गठित व्हावयाच्या होत्या; त्या १ सप्टेंबर २०१४ रोजी गठित झाल्या. त्या वर्षीच्या अनुदानाच्या मागण्याही समित्यांच्या तपासणीविनाच मंजूर झाल्या. म्हणजे माळीण घडले तेव्हा गृह मंत्रालयाची स्थायी समिती अस्तित्वात नव्हती.

राज्याची स्थिती याहून वेगळी नव्हती. महाराष्ट्र विधिमंडळाचे अधिवेशन जूनमध्येच आटोपले होते. ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली, मध्यंतरी सप्टेंबरअखेरीपासून महिनाभर राष्ट्रपती राजवट होती, आणि नवी तेरावी विधानसभा नोव्हेंबरमध्ये भरली. ज्या सभागृहातील सदस्यांनी घटनेच्या दुसऱ्याच आठवड्यात लक्षवेधी सूचना मांडावयाची, तारांकित प्रश्न विचारावयाचे, ते सभागृह मावळतीला लागलेले होते. आणखी एक योगायोग असा की, आंबेगावचे आमदार दिलीप वळसे पाटील हे त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष होते. आणि अध्यक्षाने प्रश्न विचारावयाचा नसतो, प्रश्नाला परवानगी द्यावयाची असते. त्यांनी मतदारसंघासाठी काय केले हा येथील विषय नाही. विषय एवढाच की, औपचारिक प्रश्नाची वाट त्या काळात अनेक बाजूंनी एकाच वेळी बंद होती. महाराष्ट्र विधिमंडळात तेव्हा संसदेसारख्या विभागनिहाय स्थायी समित्याही नव्हत्या. अनुसूचित जमाती कल्याण समिती होती, पण तिचा भर आरक्षण, वसतिगृहे व योजनांचा खर्च यांवर असतो.

पुढे संसदेच्या गृहविषयक समितीने २०१५ च्या चेन्नईच्या महापुरावर आणि २०१७ च्या ओखी चक्रीवादळावर स्वतंत्र अहवाल सादर केले. माळीणच्या वाट्याला असा अहवाल आला नाही. मृतांची संख्या हे समितीच्या निवडीमागचे एकमेव कारण असू शकत नाही हे मान्य. तरीही महानगर आणि किनारा यांच्या मानाने डोंगरातील आदिवासी गाव समितीच्या विषयपत्रिकेवर येणे अवघड असते, हे यावरून दिसते.

अहवाल नसल्याने जे गमावले ते केवळ प्रतिष्ठेचे नव्हे. माळीणनंतर कारणांविषयी वाद झाला. उतारावर शेतजमीन तयार करण्याची 'पडकई' ही या भागातील जुनी पद्धत. गावकरी एकमेकांच्या शेतात सामूहिक श्रम करून दगडी बांध घालतात, माती अडवतात. शासनाने पडकईला योजनेचे रूप दिल्यावर काही ठिकाणी हे सपाटीकरण यंत्रांनी होऊ लागले. यंत्राने कापलेल्या उतारामुळे पाण्याच्या वाटा बुजल्या, असे एक मत पुढे आले. उताराची घडण आणि सलग मुसळधार पाऊस हीच मूळ कारणे, असे दुसरे मत. येथे संसदीय किंवा विधिमंडळीय समिती असती तर तिला भूवैज्ञानिक, कृषी खात्याचे अधिकारी आणि आहुपे, असाणे, माळीण येथील पडकई करणारे शेतकरी एकाच टेबलाभोवती बसवता आले असते. हाताने घातलेला बांध व यंत्राने कापलेला उतार यांतील फरक ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांची साक्ष अधिकृत नोंदीत गेली असती. तसे न झाल्याने वाद वृत्तपत्रांत राहिला, आणि 'आदिवासींनी डोंगर पोखरला' असा सवंग निष्कर्ष काढण्यास काहींना मोकळीक मिळाली. १८९७ च्या प्रकरणात साक्षीदार भीतीमुळे पुढे आले नव्हते. येथे त्यांना कोणी बोलावलेच नाही.

माळीणचे पुनर्वसन जवळच्या आमडे येथे झाले व २ एप्रिल २०१७ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते नव्या गावाचे लोकार्पण झाले. पहिल्याच पावसाळ्यात तेथील रस्त्यांना व भरावाला तडे गेल्याच्या बातम्या आल्या आणि लोक धास्तावले. नवे गावही उतारावरच होते.

यादी आणि निधी

२००५ च्या कायद्यात प्रतिसाद-निधीबरोबरच सौम्यीकरण-निधीचीही, म्हणजे आपत्ती येण्यापूर्वी धोका कमी करण्यासाठीच्या पैशाची, तरतूद होती. राष्ट्रीय स्तरावर तो निधी फेब्रुवारी २०२१ मध्ये स्थापन झाला. मध्ये गेलेली पंधरा वर्षे हा सांसदीय छाननीचा सर्वात स्वच्छ विषय होता. त्यात तांत्रिक गुंतागुंत नव्हती. कायद्यातील एक कलम अमलात आले की नाही एवढेच विचारावयाचे होते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या निधीची विभागणी प्रतिसादासाठी ८० टक्के व सौम्यीकरणासाठी २० टक्के अशी केली. आहुप्याच्या वरच्या उतारावर पाण्याची वाट मोकळी करण्याचे काम या वीस टक्क्यांत येते, आणि गाडलेले गाव उपसण्याचे काम ऐंशी टक्क्यांत. राज्याने स्वतःचे आपत्ती प्रतिसाद दल उभारले तेव्हा त्याच्या तुकड्या धुळे व नागपूर येथे ठेवल्या. सह्याद्रीच्या कड्यापासून दोन्ही दूर.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ बेपत्ता व्यक्तींना पुढे मृत मानण्यात आले. या वेळी मात्र विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन चालू होते. दुसऱ्याच दिवशी सभागृहात निवेदन झाले. इर्शाळवाडी ही दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे उपमुख्यमंत्री फडणवीस यांनी सांगितले. विधान प्रामाणिक होते आणि म्हणूनच त्यातून अनेक उपप्रश्न निघावयास हवे होते. यादी कोण करते? कोणत्या प्रमाणाच्या नकाशावरून? वाडी ही स्वतंत्र महसुली गाव नसेल तर ती यादीत येते कशी? अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीविषयी निर्णयाचा अधिकार दिला आहे. तिचे म्हणणे यादी करताना विचारले जाते काय? भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ मध्ये हाती घेतलेले राष्ट्रीय दरडप्रवणता-मानचित्रण पन्नास हजारास एक या प्रमाणाचे आहे. त्या प्रमाणावर एखादी डोंगरवाडी म्हणजे टिंबाएवढी खूण. वाडीमागच्या ओढ्याने दिशा बदलली हे त्या नकाशावर दिसणार नाही. ते वाडीतल्या माणसाला दिसते.

२००५ चे विधेयक संमत होण्यापूर्वी गृहविषयक स्थायी समितीकडे तपासणीसाठी गेले होते. त्याच कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक ऑगस्ट २०२४ मध्ये मांडले गेले, १२ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत व २५ मार्च २०२५ रोजी राज्यसभेत संमत झाले. ते समितीकडे पाठवले गेले नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी लोकसभेने परकीय नागरिकांच्या प्रवेशाचे व वास्तव्याचे चार जुने कायदे रद्द करून त्यांच्या जागी एकच कायदा आणणारे विधेयक संमत केले. तेही समितीकडे गेले नव्हते. एकाच मंत्रालयाचे दोन मोठे कायदे एकाच आठवड्यात अशा रीतीने सभागृहांतून पुढे सरकले. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली आहे. पुणे शहरासाठी त्यामुळे वेगळे प्राधिकरण होऊ शकेल. त्याच जिल्ह्यातील आहुपे, असाणे, आमडे या गावांसाठी त्या दुरुस्तीत वेगळी सोय नाही. तेथे पूर्वीप्रमाणेच जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरण, घोडेगावचे तहसील कार्यालय, आणि गावाची एकंदर स्थिती सतत कळवत राहण्याचे १८६७ पासूनचे कर्तव्य अंगावर असलेला पोलीस पाटील, हीच व्यवस्था आहे.